डॉ. टॉमस चामर्स व आकाशातील जगे

गेल्या उन्हाळ्यात उपदेशकांच्या वर्गात रात्रीची प्रार्थना आटोपून आम्ही अंगणात बसलो असता एका खेड्यातील तरुण उपदेशकाने वर आकाशाकडे बोट दाखवून आम्हांस एक प्रश्न केला. त्याच्या गावच्या शाळेतील मुलांनी त्याला विचारले होते की, प्रत्येक तारा जर सूर्य आहे आणि त्याच्याभोवती आपल्या पृथ्वीसारखी जगे फिरत आहेत, तर तेथेही कोणी राहत असतील काय. आणि राहत असले तर देवाचा पुत्र त्यांच्यासाठी मेला, की केवळ आपल्यासाठी? मुलांचा प्रश्न एक वेळ हसून टाळता आला असता. परंतु मंडळीतील एका वृद्धाने त्याहून मोठी अडचण घातली होती. एवढ्या अफाट पसाऱ्यात आमच्या वस्तीतल्या वीस घरांची आठवण देवाला कशाला राहील, असे त्या म्हाताऱ्याचे म्हणणे होते. उपदेशकाला त्या वेळी उत्तर सुचले नाही व त्याची त्याला फार रुखरुख लागून राहिली होती. आम्ही त्या रात्री जे सांगितले तेही अपुरेच होते. म्हणून ज्या पाळकाने हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी उघडपणे हाती घेतला व त्यासाठी आपली सगळी विद्या खर्च केली, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

स्कॉटलंड देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, अ‍ॅन्स्ट्रदर नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथे १७ मार्च १७८० रोजी टॉमस चामर्स यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते, मोठे धर्मशील होते, आणि त्यांच्या घरात चौदा लेकरे होती. टॉमस त्यांतील सहावा. तो एक वर्षाचा असता, १७८१ च्या मार्च महिन्यात, विल्यम हर्शेल नावाच्या ज्योतिष्याने दुर्बिणीतून युरेनस हा नवा ग्रह शोधून काढला. प्राचीन काळापासून लोकांस शनीपलीकडे ग्रह ठाऊक नव्हता. तेव्हा हा मुलगा जन्मला तोच मुळी आकाश माणसांच्या डोळ्यांपुढे दिवसेंदिवस मोठे होत चालले होते अशा काळात, असे म्हणावयास हरकत नाही.

अकराव्या वर्षी तो सेंट अँड्रूजच्या विद्यापीठात गेला. त्या काळी एवढी लहान मुले विद्यापीठात जात असत. पहिली दोन वर्षे त्याने खेळण्यात घालविली. मग गणिताची गोडी लागली आणि ती एवढी की, दुसरे काही त्याला दिसेनासे झाले. पाळक होण्याची इच्छा तो लहानपणापासून बोलून दाखवीत असे, पण ती इच्छा देवाच्या बोलावण्यापेक्षा सवयीचीच अधिक होती. एकोणिसाव्या वर्षी, नियमात सूट देऊन, त्याला उपदेश करण्याचा परवाना मिळाला, आणि १८०३ साली किलमनी या खेड्यातील मंडळीवर पाळक म्हणून त्याची दीक्षा झाली.

येथे आम्हांस एक गोष्ट झाकून न ठेवता सांगितली पाहिजे. थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोष वगळण्याची चाल आहे. परंतु चामर्स यांनी स्वतः आपला दोष वगळला नाही, मग आम्ही का वगळावा? किलमनी येथे त्यांचे मन नव्हते. रविवारी ते उपदेश करीत, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस जवळच्या सेंट अँड्रूज शहरी जाऊन गणिताचे व रसायनशास्त्राचे वर्ग चालवीत. १८०५ साली एडिंबरोच्या विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी त्यांनीही खटपट केली. त्या वेळी पाळकांत गणिती निपजत नाहीत, असे कोणी तरी लिहिले होते. त्यावर संतापून चामर्स यांनी नाव न घालता एक चोपडे छापले व त्यात असे प्रतिपादिले की, पाळकाने आपले मंडळीचे काम समाधानकारकपणे करूनही आठवड्यातले पाच दिवस त्याला शास्त्राभ्यासासाठी अगदी मोकळे मिळतात. शेजारचा एक म्हातारा त्यांच्याकडे येत असे. तो एकदा म्हणाला की, आपण पाहावे तेव्हा कामात असता, पण रविवारची तयारी करताना काही आम्ही आपल्याला कधी पाहिले नाही. चामर्स यांनी उत्तर दिले की, त्याला शनिवारी संध्याकाळचा एखाददुसरा तास पुरे होतो.

मग देवाने त्यांच्या घरावर हात ठेविला. त्यांचा भाऊ जॉर्ज, जो जहाजावर कप्तान होता, तो क्षयाने खंगून १८०६ साली बापाच्या घरी मरण पावला. शेवटच्या दिवसांत घरची माणसे पाळीपाळीने त्याच्या बिछान्याजवळ बसून जॉन न्यूटन यांची प्रवचने वाचून दाखवीत. (हे न्यूटन म्हणजे ज्योतिषी न्यूटन नव्हेत, हे पूर्वी गुलामांच्या जहाजावर होते व पुढे प्रभूचे सेवक झाले.) वाचणाऱ्यांत टॉमसही होते, आणि हेच पुस्तक भोळसटांचे म्हणून त्यांनी आपल्या व्यासपीठावरून हिणविले होते! भाऊ मात्र त्याच शब्दांचा आधार धरून शांतपणे गेला. दोन वर्षांनी बहीण बार्बरा त्याच दुखण्याने गेली. आणि १८०९ साली ते स्वतः अंथरुणास खिळले. कित्येक महिने त्यांना मंडळीपुढे उभे राहता आले नाही. त्या खोलीत पडल्या पडल्या त्यांना पास्कल या फ्रेंच गणित्याची आठवण झाली. तोही तरुणपणी गणितात अव्वल होता आणि ते सारे बाजूला ठेवून प्रभूच्या पायाशी बसला होता. पुढे विल्बरफोर्स यांचे एक पुस्तक त्यांच्या हाती आले, आणि आपण आजवर आपल्याच चांगुलपणाच्या बळावर देवापुढे उभे राहू पाहत होतो, हे त्यांना दिसून आले. १८११ पर्यंत त्यांच्या अंतःकरणाचा पालट पुरा झाला. तो शेजारचा म्हातारा पुन्हा आला तेव्हा म्हणाला की, अलीकडे कधीही यावे तर आपण बायबल घेऊन बसलेले असता. चामर्स म्हणाले की, कितीही वाचले तरी थोडेच होते.

वाचकहो, तारे आणि ग्रह यांविषयी जो पुढे सर्वांहून अधिक बोलला तो पाळक प्रथम अशा रीतीने जमिनीवर आला, हे ध्यानात असू द्या.

१८१५ साली ग्लासगो शहरातील ट्रॉन मंडळीने त्यांना बोलाविले. ग्लासगो त्या वेळी व्यापाराचे व कापडाच्या गिरण्यांचे भरभराटीचे शहर होते. तेथे अशी वहिवाट होती की, शहरातील आठ पाळकांनी दर गुरुवारी पाळीपाळीने ट्रॉनच्या देवळात उपदेश करावा. म्हणजे एकेकाची पाळी सुमारे दोन महिन्यांनी येई. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात चामर्स यांची पहिली पाळी आली, आणि त्यांनी दाविदाच्या आठव्या स्तोत्रावरून ज्योतिषशास्त्राचा विषय काढला. चंद्र व तारे पाहून दाविदाला मनुष्याच्या क्षुद्रपणाचे आश्चर्य वाटले, ते वचन सर्वांस माहीत आहेच. पुढच्या पाळ्यांस त्यांनी तोच धागा पुढे चालविला व १८१६ साल संपेपर्यंत मालिका पुरी केली. कामाच्या दिवशी, भर दुपारी, व्यापारी आपल्या पेढ्या सोडून व कारकून आपल्या चोपड्या मिटून देवळाकडे धावत. बसावयास जागा मिळत नसे. आणि वक्ता कसा, तर कागद हाती धरून वाचणारा, फाइफच्या खेडवळ उच्चाराने बोलणारा. परंतु त्याच्या बोलण्यात असा आवेश होता की ऐकणारे श्वास रोखून बसत. १८१७ च्या जानेवारीत ही सात व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली, आणि एका वर्षाच्या आत त्यांच्या नऊ आवृत्त्या होऊन सुमारे २०,००० प्रती खपल्या.

त्यांना हा विषय घ्यावासा का वाटला? टॉमस पेन नावाच्या ग्रंथकाराने १७९४ साली एका पुस्तकात ख्रिस्ती धर्मावर हल्ला केला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आकाशात असंख्य जगे आहेत हे एकदा मानले की ख्रिस्ती विश्वास त्याच मनात टिकू शकत नाही. एवढ्या जगांचा धनी आपली सारी काळजी सोडून या एका जगात मरावयास का आला, आणि प्रत्येक जगात एकेक आदाम पाप करू लागला तर देवाच्या पुत्राला एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन मरत राहण्यावाचून दुसरे काम तरी काय उरले, असे तो उपहासाने विचारी. पुष्कळ शिकलेल्या तरुणांस हा आक्षेप बिनतोड वाटे. चामर्स यांना तो चांगला ठाऊक होता, कारण एके काळी त्यांचे स्वतःचे मनही दुर्बिणीच्याच बाजूला होते.

दुसरा एखादा पाळक असता तर त्याने म्हटले असते की, ही जगे वगैरे खोटी; पृथ्वीवाचून दुसरे काही नाही. चामर्स यांनी तसे केले नाही. पहिल्या व्याख्यानात त्यांनी ज्योतिषांनी सिद्ध केलेले सर्व काही मान्य केले: ग्रहांचे आकार, त्यांचे दिवस-रात्र, ताऱ्यांची अंतरे, आणि एवढ्या सृष्टीत आपल्यासारखे इतरही देवाची उपासना करणारे प्राणी असतील, ही कल्पनाही त्यांनी मोठ्या आनंदाने स्वीकारली. मग त्यांनी आक्षेप घेणाऱ्याला विचारले की, ख्रिस्ताचे काम केवळ याच जगापुरते आहे असे तुला कोणी सांगितले? दुर्बिणीने तुला तेथील पर्वत कदाचित दाखविले असतील. तेथील लोकांची पापे व त्यांची प्रार्थना दाखविली काय? सर आयझॅक न्यूटन हे जे ठाऊक होते तेवढेच बोलले व पुढे मुकाट्याने थांबले. तू मात्र न्यूटनच्या शोधावर उभा राहून न्यूटनला जे माहीत नव्हते ते ठासून सांगतोस. ही खऱ्या शास्त्राची रीत नव्हे.

या सर्वांत आम्हांस तिसरे व्याख्यान अधिक मोलाचे वाटते, व आमच्या उपदेशकाने त्या म्हाताऱ्यास सांगण्याजोगे उत्तर येथेच आहे. चामर्स म्हणतात की, ज्या काळी दुर्बीण निघाली त्याच सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्रही निघाले. एकाने वर पाहिले, दुसऱ्याने खाली. दुर्बिणीने दाखविले की, जो ठिपका वाटत होता तो सूर्य आहे. सूक्ष्मदर्शकाने दाखविले की, जो कण वाटत होता त्यातही जिवंत प्राण्यांची वस्ती आहे, आणि त्या प्रत्येकाचे अवयव तेवढ्याच निगुतीने घडविलेले आहेत. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी मिशनच्या दवाखान्यात काचेखाली डबक्याच्या पाण्याचा थेंब पाहिला असेल त्यांना हे पटेल. तेव्हा आक्षेप घेणारा केवळ एकाच यंत्रातून पाहतो, ही त्याची चूक. मोठ्या राज्याच्या राजाला लहान गावाची आठवण राहत नाही, हे माणसाच्या राजाविषयी खरे. कारण त्याचे मन एका वेळी एकाच गोष्टीला पुरते. देवाचे मन तसे नाही. हजार जगे सांभाळल्याने त्याचे एका जगाकडे लक्ष कमी होत नाही, आणि एका किड्याचा पंख घडविताना त्याच्या हातून एकही तारा निसटत नाही. देव एवढा मोठा आहे की त्याला आपली आठवण राहणार नाही, असे जो म्हणतो तो देवाला मोठा करीत नाही. तो त्याला आपल्याएवढा लहान करतो.

चौथ्या व पाचव्या व्याख्यानांत ते शास्त्राकडे वळतात. तारणाच्या गोष्टी न्याहाळून पाहण्याची देवदूतांना उत्कंठा आहे, असे पेत्राने लिहिले आहे. आणि एका पापी मनुष्याच्या पश्चात्तापाने स्वर्गात आनंद होतो, असे खुद्द प्रभूने सांगितले आहे. म्हणजे या लहानशा पृथ्वीवर जे घडते ते दूरच्या ठिकाणी माहीत होत नाही असे नव्हे. शंभर मेंढरांच्या दृष्टांताचा ते येथे मोठ्या खुबीने उपयोग करतात. इतर जगे न बहकलेल्या नव्याण्णव मेंढरांसारखी असू शकतील, आणि आपली पृथ्वी हे रानात चुकलेले एक मेंढरू असेल. मग मेंढपाळ त्या एकाच्या मागे का गेला, याचे नवल मेंढपाळाला ओळखणाऱ्याने करू नये. भरल्या घरात एक मूल आजारी पडले म्हणजे आईचे डोळे त्याच एकावर असतात. म्हणून बाकीची मुले तिची नव्हेत असे कोणी म्हणत नाही, आणि ते एक मूल सर्वांत मोठे किंवा सर्वांत गुणी आहे असेही कोणी म्हणत नाही.

सहावे व्याख्यान, ज्यात देवदूत व दुष्ट शक्ती यांच्यामध्ये या पृथ्वीवरून चाललेल्या झगड्याचे वर्णन आहे, ते आमच्या मते कमी वजनाचे आहे. तेथे वक्त्याची कल्पना फार उंच उडते व आधाराचे वचन मागे राहते. त्या काळच्या काही विचारी ख्रिस्ती लोकांनीही असे बोलून दाखविले की, जो आक्षेप थोड्यांनाच माहीत होता तो चामर्स यांनी हजारोंच्या कानी घातला. या बोलण्यात काही तथ्य आहे. परंतु आज तोच आक्षेप खेड्यातील शाळेपर्यंत आपल्या पायांनी चालत आला आहे. तेव्हा त्यांनी आधीच बांध घातला हे बरेच झाले.

सातवे व्याख्यान मात्र प्रत्येक उपदेशकाने ध्यानात धरावे. सहा वेळा लोकांस ताऱ्यांच्या वर्णनाने गुंगवून टाकल्यावर चामर्स शेवटी त्यांच्याकडे वळून त्यांना सावध करतात की, तुम्हांला जो आनंद झाला तो धर्म नव्हे. यहेज्केलाकडे लोक येत व गोड गाणे ऐकावे तसे त्याचे बोलणे ऐकून घरी जात. करीत काहीच नसत. आकाश पाहून डोळ्यांत पाणी येणे निराळे, आणि आपल्या पापाविषयी रडणे निराळे. ज्या गर्दीने त्यांचे नाव केले त्याच गर्दीला त्यांनी हे ऐकविले. लोकप्रिय वक्त्याला हे जड जाते.

आता त्या तरुण उपदेशकाचा पहिला प्रश्न. इतर जगांत लोक आहेत काय, आणि असले तर त्यांच्यासाठी ख्रिस्त मेला काय? चामर्स यांनी याचे ठाम उत्तर दिले नाही, कारण शास्त्र देत नाही. पौलाने कलस्सैकरांस लिहिले आहे की, वधस्तंभाच्या रक्ताने पृथ्वीवरील व स्वर्गातील सर्व गोष्टींचा समेट झाला. त्यावरून त्या एकाच मरणाचे फळ आपल्या कल्पनेपलीकडे पोहोचत असावे, एवढेच ते सुचवितात. पुढे १८५३ साली, चामर्स यांच्या मरणानंतर, केंब्रिजचे पंडित विल्यम ह्यूएल यांनी नाव न घालता एक ग्रंथ लिहून उलट बाजू मांडली. ते म्हणाले की, इतर जगांत माणसे असल्याचा काही पुरावा नाही. पृथ्वीसुद्धा युगानुयुगे मनुष्यावाचून होती, तर मग इतर गोल रिकामे असण्यात देवाचे काय व्यर्थ गेले? त्यांना सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५४ साली त्वेषाने उत्तर दिले. दोघेही विश्वासू ख्रिस्ती होते, हे विसरू नये. या प्रश्नात ख्रिस्ती मनुष्य या बाजूचा असो की त्या, त्याचे तारण त्यावर अवलंबून नाही.

ज्ञान तेव्हापासून पुष्कळ वाढले आहे. चामर्स यांना वाटे की एखादी मोठी दुर्बीण कदाचित चंद्रावरील वस्तीच्या खुणा दाखवील. १९६९ साली माणसे स्वतः चंद्रावर उतरली व तेथे हवा नाही, पाणी वाहत नाही, धूळ व दगड मात्र आहेत, हे त्यांनी पाहिले. शुक्राच्या पृष्ठावर शिसे वितळेल एवढी उष्णता आहे. मंगळावर यंत्रे फिरत आहेत. जिवंत प्राणी सापडलेला नाही. तेवढ्यापुरते ह्यूएल यांचे म्हणणे खरे ठरले. उलटपक्षी, सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली प्रथम सापडला, आणि तेव्हापासून अशा ५,००० हून अधिक ग्रहांची नोंद झाली आहे. चामर्स यांनी केवळ अनुमानाने जे म्हटले ते तेवढ्यापुरते खरे ठरले. त्या ग्रहांवर कोणी आहे की नाही हे आजही कोणास ठाऊक नाही. सूर्याचा प्रकाश आपल्याला सुमारे आठ मिनिटांत पोहोचतो, पण त्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश यावयास चार वर्षांहून अधिक लागतात. मग तेथे निरोप पाठवून विचारणार कसे? चामर्स यांचे तिसरे व्याख्यान मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच उभे राहते. आकाश भरलेले निघो की रिकामे निघो, वीस घरांच्या वस्तीची काळजी देवाला आहे.

असे उपदेश करणारा मनुष्य तेवढ्यावर थांबला असता तर आम्ही त्याचे चरित्र लिहिण्याची तसदी घेतली नसती. परंतु व्याख्यानांच्या त्याच दिवसांत चामर्स ट्रॉनच्या हद्दीतील सुमारे अकरा हजार माणसांच्या घरोघर जात होते. अंधाऱ्या बोळांतील उंच चाळींचे जिने चढत, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची विचारपूस करीत, किती मुले शाळेत जात नाहीत ते टिपून घेत. शहराने त्यांचा गौरव केला, आणि त्यांनी शहराला सांगितले की, तुमच्या देवळांत जागा श्रीमंतांना आहे, या लोकांना नाही. १८१९ साली त्यांनी सेंट जॉन नावाची नवी, गोरगरिबांची मंडळी मागून घेतली. तिच्यात सुमारे दहा हजार वस्ती होती. ती त्यांनी पंचवीस वाड्यांत वाटली व प्रत्येक वाड्यावर एकेक सेवक नेमला, की त्याने आपल्या वाड्यातील प्रत्येक घर ओळखावे, भुकेल्याला प्रथम त्याच्या भाऊबंदांकडून व शेजाऱ्यांकडून मदत मिळवून द्यावी, आणि उरलेल्याची सोय मंडळीच्या दानातून करावी. सरकारी कराचा पैसा त्यांनी घेतला नाही. त्या हद्दीत गरिबांवर पूर्वी वर्षाला १,४०० पौंड खर्च होत असे तो २८० पौंडांवर आला. या पद्धतीवर पुढे टीका झाली, व शहरभर ती चालली नसती असे म्हणणारेही होते. आम्हांस त्यात पैशाच्या हिशेबापेक्षा हे विशेष वाटते की, कोणीही मनुष्य गर्दीतला एक म्हणून मोजावयाचा नाही, नावाने ओळखावयाचा.

१८२३ साली ते सेंट अँड्रूज येथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे १८२८ साली एडिंबरो येथे ईश्वरविज्ञानाचे. मध्यंतरी १८२५ साली जनरल असेंब्लीत एक प्रसंग घडला. एकाच मनुष्याने मंडळीचे पाळकपण व विद्यापीठाची जागा ही दोन्ही धरावी की नाही, असा वाद होता. चामर्स म्हणाले की धरू नये. तेव्हा समोरच्या पक्षातील एकाने वीस वर्षांपूर्वीचे ते नाव न घातलेले चोपडे काढून त्यातील पाच मोकळ्या दिवसांचा मजकूर मोठ्याने वाचला. सारी सभा चामर्स यांच्याकडे पाहू लागली. ते उठले, आणि ते चोपडे आपलेच असल्याचे त्यांनी कबूल केले. आपण त्या वेळी गर्वाने आंधळे होतो, असे ते म्हणाले. गणित हे परिमाणांचे शास्त्र, आणि आपण स्वतःला गणिती म्हणवीत होतो. परंतु दोन परिमाणे आपण मोजलीच नव्हती: आयुष्य किती थोडे आहे हे, आणि अनंतकाळ केवढा मोठा आहे हे. सभेत एकदम शांतता पसरली. त्यांचा अपमान करावयास जो उठला होता त्याला काय वाटले असेल ते सांगण्याची गरज नाही.

सेंट अँड्रूज येथे त्यांच्या हाताखालच्या सहा विद्यार्थ्यांनी मिशनकार्यास वाहून घेतले. त्यांपैकी अलेक्झांडर डफ १८३० साली कलकत्त्यास आले. आपल्या प्रांताचा संबंध येथे येतो: त्याच सहांतील रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईस उतरले, कोकणात हर्णै व बाणकोट येथे राहिले, आणि आपली मराठी भाषा अशी शिकले की तिच्या शुद्धतेबद्दल त्यांची ख्याती झाली. त्यांनी पुढे मुंबईत अनेक वर्षे विद्यार्थ्यांस शिकविले व १८५५ साली तेथेच देह ठेविला. बाबा पदमनजी हे त्यांच्याच शाळेतले. ग्लासगोच्या व्यासपीठावर पेटलेला दिवा अशा वाटेने कोकणच्या किनाऱ्याला लागला.

१८४३ सालची गोष्ट आमच्या मंडळ्यांस विशेष कळण्याजोगी आहे. स्कॉटलंडात खेड्याच्या मंडळीवर पाळक नेमण्याचा हक्क तेथील जमीनदाराकडे असे. मंडळीला तो नको असला तरी न्यायकचेऱ्या जमीनदाराची बाजू घेत. दहा वर्षे भांडून उपाय हरल्यावर १८ मे रोजी एडिंबरो येथे पाळकांचा एक मोठा समुदाय सरकारमान्य सभेतून उठून रांगेने रस्त्याने चालत टॅनफील्ड येथील सभागृहात गेला, आणि तेथे फ्री चर्चची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष चामर्स. चारशे सत्तरांहून अधिक पाळकांनी आपली घरे, वेतने व देवळे सोडली. कित्येक ठिकाणी जमीनदारांनी जागा नाकारल्यामुळे मंडळ्या उघड्या माळावर व धान्याच्या कोठारांत भजनास जमत. त्यांच्या पोटाची तजवीज चामर्स यांनी आधीच आखून ठेविली होती: प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एक पेनी द्यावी, सर्व गावांचा पैसा एके ठिकाणी जमावा, आणि श्रीमंत शहराच्या व गरीब खेड्याच्या पाळकास त्यातून सारखा वाटा मिळावा. हिंदुस्थानातील त्या मंडळीचे मिशनरीही इमारती मागे सोडून फ्री चर्चला मिळाले. मुंबईचे विल्सन, नेस्बिट व मरे मिचेल हे त्यांत होते. नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आले तेही याच फ्री चर्चने पाठविलेले.

चामर्स आता साठी ओलांडून गेले होते. एवढे सारे उभारल्यावर दुसरा कोणी विसावला असता. त्यांनी एडिंबरोतील वेस्ट पोर्ट हा दारिद्र्याने व गुन्ह्यांनी कुप्रसिद्ध झालेला मोहल्ला निवडला, व १८४४ साली कातडी कमावण्याच्या जागेवरील माळ्यावर उपासना सुरू केली. सुमारे दोन हजार वस्ती. तिचेही वाडे पाडून घरोघर फिरणारी माणसे नेमली. कातड्याच्या वासात बसून प्रभूचे नाव ऐकणे म्हणजे काय, हे आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावे लागणार नाही. १८४७ च्या फेब्रुवारीत तेथे देऊळ उघडले, आणि एप्रिलमध्ये त्या मोहल्ल्यातील लोकांस त्यांनी प्रथम प्रभुभोजन दिले. आपल्या मनाची इच्छा देवाने पुरी केली, असे त्यांनी अमेरिकेतील एका मित्रास कळविले.

त्याच मे महिन्यात ते लंडनहून परत आले. असेंब्ली भरली होती व सोमवारी त्यांना कॉलेजचा अहवाल वाचावयाचा होता. ३० तारखेला, रविवारी संध्याकाळी, ते घरामागच्या बागेत एकटेच फेऱ्या घालीत होते, आणि हळू आवाजात आपल्या स्वर्गीय पित्याला हाक मारीत असल्याचे घरच्यांपैकी एकाने ऐकले. सकाळी हाक मारली तर उत्तर आले नाही. पडदा बाजूला सारून पाहिले तेव्हा ते बिछान्यावर अर्धवट बसलेले, डोके उशीवर टेकलेले, चेहरा शांत, असे आढळले. प्राण रात्रीच केव्हा तरी गेला होता. ४ जून १८४७ रोजी ग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. शहरातील दुकाने बंद होती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोक टोप्या काढून उभे होते.